चौकाखालचं एबोराकम

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात, यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चच्या दक्षिण दारासमोरच्या चौकात तुम्ही उभे आहात. दाराशेजारी ब्राँझचा एक सम्राट आसनावर रेलून बसला आहे. त्याची नजर हातातल्या तलवारीवर आहे आणि तलवारीचं टोक तुटलेलं आहे. हा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. शिल्पकार फिलिप जॅक्सन, उभारणी 1998ची. रस्त्याच्या पलीकडे एक दगडी खांब एकटाच उभा आहे. वर छप्पर नाही, शेजारी जोडीदार नाही. बरेच लोक सम्राटापाशी थांबतात, फोटो काढतात आणि खांबाकडे पाठ करून मिन्स्टरमध्ये शिरतात. तुम्ही आधी खांबाकडे जा. या शहरात खाली उतरायची वाट तिथून आहे.

1960च्या दशकात मिन्स्टरचा मधला मनोरा धोक्यात असल्याचं ध्यानात आलं. 1967पासून वास्तुविशारद बर्नार्ड फिल्डन यांच्या देखरेखीखाली पायाभोवती खोल खणायला सुरुवात झाली. मनोरा वाचवायचा तर काँक्रीट ओतायलाच हवं होतं, आणि पुरातत्त्वाच्या माणसांना त्या बांधकामाच्या धांदलीत मिळेल तेवढ्या वेळात आपलं काम उरकावं लागत होतं. त्या खड्ड्यांत, मिन्स्टरच्या फरशीखाली, रोमन पलटणीची सदर सापडली. भिंती, भिंतींवरचा रंगीत गिलावा आणि जिथे कोसळला तिथेच आडवा पडलेला हा खांब. तो 1969मध्ये सापडला. 1971 साली शहराला 1900 वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्ताने तो चौकात पुन्हा उभा केला गेला.

आता त्याला हात लावा. दगड थंड आहे, थोडा खरखरीत. आणि उतरा.

उतरताना सर्वांत आधी बदलते ती दिशा. मिन्स्टर पूर्व-पश्चिम बांधलेलं आहे, पण खालची रोमन छावणी, म्हणजे एबोराकम, ऊझ नदीकडे तोंड करून बसलेली आहे, त्यामुळे वरचं देऊळ खालच्या शहरावर तिरपं पडलं आहे. तुम्ही खाली जाता तशा भिंती फिरतात. उजवीकडची वाट समोर येते. वर ज्याला पीटरगेट म्हणतात तो छावणीतला आडवा मोठा रस्ता होतो. वरचं स्टोनगेट, जिथे आज चहाची दुकानं आहेत, ते सदरेपासून नदीकडच्या वेशीपर्यंत जाणारा सरळ रस्ता होतं. माणसांनी या दोन रस्त्यांवरून चालणं कधी पुरतं सोडलंच नाही. सैन्य गेलं, वाडे पडले, चर्च उभी राहिली, तरी पायांना वाट आठवत राहिली.

पहिला थर चौथ्या शतकाचा. रस्त्यात एक तरुण बाई तुमच्यासमोरून जाते. तिच्या हातांत दोन रंगांची कंकणं आहेत, काळी आणि पांढरी. काळी व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जेट नावाच्या दगडाची, इथल्याच मातीतली. पांढरी हस्तिदंताची, समुद्रापलीकडून आलेली. तिचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. 1901 साली शहराच्या एका भागात तिची दगडी शवपेटी निघाली. त्यात ही कंकणं होती, काचेचा निळा चंबू होता, आरसा होता, मणी होते, आणि हाडाची एक नक्षीदार पट्टी होती. पट्टीवर कोरलेली अक्षरं तिला बहीण म्हणतात आणि देवाच्या ठायी जगत राहा असा आशीर्वाद देतात. रीडिंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिच्या दातांतली रासायनिक खूण आणि कवटीची ठेवण तपासली. 2010 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: तिचं बालपण यॉर्कपेक्षा उबदार हवेत गेलं असावं आणि तिच्या पूर्वजांमध्ये आफ्रिकी माणसं असावीत. गरीब घरची ती नक्कीच नव्हती. रस्त्यात कुणी तिच्याकडे वळून पाहत नाही. तुमच्याकडेही कुणी वळून पाहत नाही, आणि हे तुम्हाला हळूहळू लक्षात यायला लागतं.

आणखी खाली. इ.स. 306, जुलैची 25 तारीख. सम्राट कॉन्स्टँशियस या गावात नुकताच वारला आहे. त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन वर्षभरापूर्वी पूर्वेकडच्या दरबारातून निसटून बापाकडे आला होता. आता सैनिक त्याच्याभोवती गोळा झाले आहेत आणि त्याला सम्राट म्हणून ललकारत आहेत. त्या गर्दीत अलेमानी टोळीचा राजा क्रोकस आहे, म्हणजे रोमच्या नव्या धन्याला गादीवर बसवण्यात एका जर्मन टोळीप्रमुखाचा हात आहे. कॉन्स्टंटाइन इथे फार रमणार नाही. त्याची वाट पुढे रोमकडे, मिलानकडे आणि बॉस्फरसच्या काठच्या नव्या राजधानीकडे जाते. ख्रिस्ती धर्माचा पुढचा सगळा इतिहास त्या वाटेवर आहे, म्हणून त्याचा पुतळा चौकात आहे, हेही समजण्यासारखं आहे. पण तुम्ही इथे रेंगाळू नका. ज्याच्यासाठी या शहरात उतरायला हवं, तो माणूस अजून 95 वर्षं खाली आहे.

211चा फेब्रुवारी. ऊझवर धुकं आहे. घोड्यांची लीद, ओला लोकरीचा कपडा, लाकडाचा धूर आणि कातडं यांचा मिळून एक वास आहे, तो आधी नाकात झोंबतो आणि मग अंगवळणी पडतो. छावणीचा तट सुमारे पन्नास एकरांना कवेत घेतो. आत सहावी पलटण आहे. रोमन लीजन म्हणजे साधारण पाच हजार पायदळाची पलटण, पण या दिवसांत गावात त्याहून कितीतरी जास्त माणसं आहेत, कारण सम्राट इथे मुक्कामाला आहे.

त्याचं नाव सेप्टिमियस सेव्हेरस. जन्म 145 सालचा, गाव लेप्टिस मॅग्ना, आजच्या लिबियाच्या किनाऱ्यावरचं. संधिवाताने त्याचे पाय गेले आहेत. 208 साली तो बेटावर आला, ते कॅलेडोनियाच्या, म्हणजे आजच्या स्कॉटलंडच्या टोळ्यांवर मोहीम करायला. डोंगर आणि दलदल यांतून त्याला पालखीत घालून न्यावं लागलं. सोबत बायको आहे, ज्युलिया डोम्ना, सीरियातल्या एमेसाची, ज्याला आज होम्स म्हणतात. दोन मुलं आहेत, कॅराकाला आणि गेटा, एकमेकांचे जानी दुश्मन. आणि कारभारी म्हणून पॅपिनियन आहे, रोमन कायद्याच्या सर्वांत मोठ्या पंडितांपैकी एक.

जवळजवळ तीन वर्षं स्कॉटलंडपासून टायग्रिसपर्यंतच्या राज्याचा कारभार या बेटावरून चालला, आणि त्यातला बराचसा या गावातून. त्याचा एक छोटा पुरावा मला फार आवडतो. 210 सालच्या 5 मे रोजी कॅसिलिया नावाच्या एका बाईच्या अर्जाला सम्राटाने इथून उत्तर धाडलं. अर्ज मालमत्तेचा होता. दुसऱ्याचा गुलाम आपला समजून कुणी प्रामाणिकपणे ताब्यात ठेवला असेल, तर त्याच्या कष्टातून येणारी कमाई कुणाच्या नावावर लागते, असा त्याचा विषय. ते उत्तर पुढे तीनशे वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलला तयार झालेल्या जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात नोंदलं गेलं, तळाशी एबोराकमचं नाव आणि तारीख यांसकट. त्या उत्तरात गुलामाचं नाव नाही. ज्याच्या कष्टाचा वाद होता तो माणूस कायद्याच्या वाक्यात एका शब्दापुरता उरला. तुम्ही या थरात उभे आहात तर हेही पाहा. सदरेच्या चकचकीत फरशीवर झाडू मारणारा, घोड्याला पाणी दाखवणारा, पालखी उचलणारा माणूस कुणाच्या तरी मालकीचा असू शकतो.

चौकातल्या पुतळ्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. कॉन्स्टंटाइनला इथे सम्राटपद मिळालं, पण सेव्हेरसने इथून राज्य केलं. पुतळा एकच उभारायचा तर या लंगडणाऱ्या आफ्रिकी म्हाताऱ्याचा हवा होता.

सदरेतून बाहेर या. रस्त्याला लागून सैनिकांच्या बराकी आहेत, आणि एका दारातून वेगळाच वास येतो आहे. शेगडीवर गोल बुडाचं मातीचं भांडं चढलं आहे. इंग्लंडमधली नेहमीची चूल आणि तिच्यावरची भांडी अशी नसतात. यॉर्कच्या मातीत अशी भांडी सापडली तेव्हा व्हिव्हियन स्वान या अभ्यासक बाईंच्या ध्यानात आलं, की त्यांचा घाट उत्तर आफ्रिकेतला आहे, माती मात्र यॉर्कची. म्हणजे भांडी व्यापाराने आली नाहीत, ती घडवणारा हात आला. सेव्हेरसच्या काळात आफ्रिकी सैनिक इथे होते, आणि त्यांना आपल्या घरच्या पद्धतीचं जेवण हवं होतं, असा स्वान यांचा तर्क होता. त्याच कुंभारांच्या हातची माणसाच्या चेहऱ्याची भांडीही इथे सापडली आहेत. त्यांतल्या बायकांच्या केसांची ठेवण ज्युलिया डोम्नासारखी आहे. घर सोडून गेलेल्या कुणालाही या शेगडीपाशी उभं राहिल्यावर काही समजावून सांगावं लागत नाही. न्यू जर्सीत पुरणयंत्र शोधत फिरणाऱ्या माणसाची भूक आणि ही भूक एकाच जातीची आहे.

नदीपलीकडच्या पेठेतही असंच आहे. सहाव्या पलटणीचा सेनापती क्लॉडियस हायरोनिमियानस याने तिथे सेरापिस या मिसरी देवाचं देऊळ पायापासून बांधलं आणि तसा शिलालेख लावला. तो शिलालेख 1770 साली मिळाला. लिबियाचा सम्राट, सीरियाची सम्राज्ञी, आफ्रिकी स्वयंपाक, मिसरचा देव, आणि बाहेर इंग्लंडचा पाऊस.

4 फेब्रुवारी. बातमी फुटायच्या आधीच छावणीला कळतं. रस्त्यातले आवाज खाली जातात, अधिकारी घाईने चालू लागतात. सेव्हेरस गेला. डिओ कॅसियस हा त्याच्याच काळातला इतिहासकार सांगतो, की मरणापूर्वी त्याने दोन्ही मुलांना तीन गोष्टी सांगितल्या: आपसात नीट राहा, सैनिकांच्या हाती पैसा द्या, बाकी कुणाची पर्वा करू नका. मुलांनी मधलीच तेवढी ऐकली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकालाने गेटाला आईच्या कुशीत मारवलं, आणि 212 साली पॅपिनियनचाही बळी घेतला.

पण आज ते अजून पुढे आहे. आज चिता रचली जाते आहे. सम्राटाचा देह लष्करी पोशाखात तिच्यावर ठेवला आहे. सैनिक आणि दोन्ही मुलं चितेभोवती धावत फेरी घालतात, ज्याच्याजवळ जे आहे ते सैनिक आगीत टाकतात, आणि मग मुलंच चितेला आग लावतात. अस्थी जांभळ्या दगडाच्या कलशात भरल्या जातील आणि रोमला नेल्या जातील. डिओ सांगतो, की सेव्हेरसने जिवंतपणीच हा कलश मागवून हातात घेतला होता, आणि जगात जो मावला नाही तो तुझ्यात मावणार आहे असं त्याला म्हणाला होता. तुम्ही गर्दीत मागे उभे आहात. तुमच्या शेजारचा सैनिक रडतो आहे की धुराने डोळे चुरचुरताहेत, सांगता येत नाही. त्याला पगारवाढ याच म्हाताऱ्याने दिली होती.

चिता विझायच्या आत निघा. सरळ रस्त्याने नदीकडच्या वेशीपर्यंत या, म्हणजे आजच्या सेंट हेलेन्स चौकापर्यंत, आणि पूल ओलांडा. पलीकडे साधी माणसं राहतात: निवृत्त सैनिक, व्यापारी, जेटचे मणी घासणारे कारागीर. पेठ संपली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी लागतात, कारण रोमन कायद्याने गावात कुणाला पुरता किंवा जाळता येत नाही. प्रवासी गावात शिरतो तो मेलेल्यांच्या ओळींमधून.

इथे माझ्या मनात रुतून बसलेला एक दगड आहे. क्विंटस कोरेलियस फॉर्टिस या बापाने आपल्या मुलीसाठी तो कोरवून घेतला. कोरेलिया ऑप्टाटा, वय तेरा. बापाने साधं नाव-वय लिहून भागवलं नाही. त्याने पाताळातल्या शक्तींना उद्देशून पद्यात लिहून घेतलं, की मूठभर राख आणि पोकळ सावली एवढंच माणसाचं उरतं, आणि आशेने आपल्याला फसवलं. हे शब्द बहुधा भाड्याच्या कवीकडून आलेले असणार, पण पैसे मोजून ते निवडले बापाने. 1861 साली हा दगड निघाला तेव्हा सोबत काचेचं एक मोठं भांडं होतं, शिशाने तोंड बंद केलेलं, आत राख. थोड्या अंतरावर ज्युलिया वेल्व्हाचा दगड आहे. ती पन्नास वर्षांची होऊन गेली. कोचावर रेलून मेजवानीला बसलेली आहे, पुढे तिपाई, भोवती घरची माणसं. तिच्या वारसाने, ऑरेलियस मर्क्युरिॲलिसने, हा दगड उभारला आणि त्यात आपलीही सोय करून ठेवली. दुःखाच्या शेजारी व्यवहार बसलेला मला खटकत नाही. आपल्याही गावांत तो तसाच बसतो.

रस्त्याच्या खाली अजून थर आहेत. उतरत राहा, इथे जरा भरभर. 107-108 साल: छावणीची एक वेस दगडात बांधून झाली आहे आणि सम्राट ट्रेजनच्या नावाने तिच्यावर मोठा शिलालेख चढला आहे. बांधणारी पलटण नववी. ब्रिटनमध्ये तारखेसकट मिळणारा नवव्या पलटणीचा हा शेवटचा उल्लेख आहे. पुढे 122च्या सुमारास सहावी पलटण आली आणि नववीचं नाव इथल्या नव्या दगडांवर दिसेनासं झालं. तिचं काय झालं यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले. मला तिच्या नाहीसं होण्यापेक्षा तिचा एक माणूस जवळचा वाटतो. लुशियस डुशियस रुफिनस, निशाणबारदार, फ्रान्समधल्या व्हिएन गावचा, वय अठ्ठावीस. दगडावर तो उभा आहे, एका हातात पलटणीचं निशाण आणि दुसऱ्या हातात लेखनाच्या पाट्या, कारण सैनिकांच्या बचतीचा हिशेब निशाणबारदार ठेवत असे. 1688 साली मिकलगेट भागात हा दगड निघाला तेव्हा गवंड्यांनी तो भिंत सांधायला म्हणून फोडायला घेतला होता. ब्रायन फेअरफॅक्स नावाच्या गृहस्थाने तो वाचवला. दगड मधोमध दुभंगलेला आहे, ती खूण त्या दिवसाची.

अगदी तळाशी, इ.स. 70च्या दशकात, नदीजवळ एक लाकडी कोठार आहे. दार उघडू नका, कारण आत धान्य नाही, पोरकिडे आहेत. धान्य इतकं किडलं, की सैनिकांनी कोठार उतरवलं, किड्यांसकट सगळी जागा चिकणमातीच्या थराखाली गाडली आणि वर नवं बांधलं. 1970च्या दशकात कोनी स्ट्रीटवर हा थर उघडला तेव्हा किड्यांचे अवशेष तसेच होते. साठवलेल्या धान्याचे हे किडे ब्रिटनमध्ये रोमनांच्या आधी नव्हते. देव, कायदा आणि वास्तुशिल्प जिथून आले तिथूनच, त्याच जहाजांतून, तेही आले.

त्याच्याही खाली 71 साल आहे. पेटिलियस सेरिॲलिस नववी पलटण घेऊन ब्रिगँटीस टोळीच्या मुलखात शिरतो आणि ऊझ व फॉस या नद्यांच्या मध्ये, उंचवट्यावर, माती आणि लाकूड यांचा पहिला तट घालतो. नद्या आधीपासून होत्या, त्यांच्या काठची माणसंही आधीपासून होती. त्यांनी दगडावर काही कोरलं नाही, म्हणून मला तुम्हाला त्यांची नावं सांगता येत नाहीत.

आता वर या, पण चौकात नको. पश्चिमेला पाच-सात मिनिटांवर म्युझियम गार्डन्स आहेत, तिथे निघा. तिथल्या हिरवळीवर सेंट मेरी मठाच्या उंच भग्न कमानींचे अवशेष आहेत. 1539 साली तो मठ बंद झाला. यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी 1822 साली स्थापन झाली. तिला 1828 साली या मठाची जमीन मिळाली, 1830मध्ये विल्यम विल्किन्सच्या आराखड्यानुसार संग्रहालय उघडलं, आणि भोवती बाग लावली गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश विज्ञान परिषदेची पहिली बैठक इथेच भरली. 1961 साली सोसायटीने बाग आणि संग्रहालय शहराच्या हवाली केलं. तेव्हापासून शाळेतली मुलं, दुपारचा डबा खाणारे कारकून, खारी आणि पर्यटक यांची ही रोजची जागा आहे.

बागेच्या कोपऱ्यात रोमन तटाचा पश्चिम बुरूज उभा आहे. त्याला मल्टँग्युलर टॉवर म्हणतात, कारण त्याला दहा बाजू आहेत. वाचायला तो फार सोपा आहे. खालचे दगड लहान, चौकोनी, नीट घडवलेले, ते रोमन. मधून लाल विटांचा पट्टा जातो, तोही रोमन. त्याच्या वर मोठे दगड आणि बाण मारायच्या फटी, ते मध्ययुगातले. एक हजार वर्षांनी आलेल्या गवंड्याने खालचं काम पाडलं नाही. त्यावर विश्वास ठेवून तो पुढे बांधत गेला. आत पाऊल टाकलंत तर गावात ठिकठिकाणी सापडलेल्या दगडी शवपेट्या ओळीने मांडलेल्या दिसतील, वर आभाळ, आत पालापाचोळा. बुरुजाच्या मागे तटाच्या मातीचा छेद उघडा ठेवला आहे: रोमन पातळी, तिच्यावर सैन्य गेल्यानंतरच्या शतकांची, मग नॉर्मन, मग मध्ययुगीन. तुम्ही जे थर उतरून आलात ते इथे पायऱ्यांसारखे समोर आहेत. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूंची झीज होते, हे खरं आहे. तरीही लहान मूल ज्या दगडाला हात लावू शकतं असा दगड शहरात असावा, आणि तिकिटाशिवाय असावा, असं मला मनापासून वाटतं.

संग्रहालयाच्या आत जा. रुफिनस तिथे आहे, दुभंगाची खूण घेऊन. कोरेलिया आहे. हस्तिदंती कंकणं आहेत. स्टोनगेटमध्ये सापडलेलं कॉन्स्टंटाइनचं संगमरवरी मस्तक आहे, खऱ्यापेक्षा दुप्पट मोठं. आणि एका काचेमागे केसांचा अंबाडा आहे, पिंगट रंगाचा, जेटच्या दोन आकड्यांनी खोवलेला. 1875 साली नव्या रेल्वे स्टेशनच्या खोदकामात तो मिळाला. प्रेतावर ओतलेल्या जिप्समने केस टिकले, देह गेला. यॉर्कच्या रेल्वेने जुन्या मेलेल्यांची ओळच्या ओळ उठवली. आज स्टेशनात गाडी बदलणारे हजारो लोक त्या स्मशानावरून बॅगा ओढत जातात.

जुन्या स्टेशनच्या जागी 1840 साली ब्राँझचे दोन छोटे पत्रे सापडले होते. ते शोधा, पटकन नजरेत भरणारे नाहीत. त्यांवर ठिपके ठोकून ग्रीक अक्षरं काढली आहेत. एक पत्रा सुभेदाराच्या निवासातल्या देवांना, दुसरा ओशियनस आणि टेथिस यांना, म्हणजे जगाला वेढणाऱ्या महासागराला आणि त्याच्या पत्नीला. देणाऱ्याचं नाव डेमेट्रिअस. ग्रीक लेखक प्लुटार्कचा एक ओळखीचा माणूस होता, तार्ससचा व्याकरणकार डेमेट्रिअस. तो इ.स. 83च्या सुमारास ब्रिटनहून घरी परतताना डेल्फीला भेटला, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. बऱ्याच अभ्यासकांना हा तोच वाटतो. आणि एक शिकलेला ग्रीक माणूस इथे, पावसात, नेमक्या याच दोन देवतांना का पुजतो, याचंही उत्तर जुन्या ग्रंथांत आहे. अलेक्झांडरने सिंधूच्या मुखाशी पोचल्यावर ओशियनस आणि टेथिस यांच्यासाठीच वेद्या बांधल्या होत्या. पृथ्वीच्या पूर्वेच्या टोकाला जे केलं गेलं, ते डेमेट्रिअसने पश्चिमेच्या टोकाला हातोडीने ठिपके ठोकत पुन्हा केलं. त्याच्या डोक्यात त्या क्षणी सिंधू नदी असावी.

त्या जगाचा आपल्याकडचा काठही फार लांब नव्हता. सोपारा आणि कल्याण ही बंदरं आणि आतली पैठण, तेर ही गावं ग्रीक खलाशांच्या वाटाड्या ग्रंथात नोंदलेली आहेत. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली, भूमध्य समुद्राकडून आलेली. तीही बागेतल्याच संग्रहालयात आहे, टाउन हॉलमध्ये. पुढच्या खेपेला अंबाबाईचं दर्शन झालं की चालत तिकडे जा, आणि तिथल्या समुद्रदेवासमोर थोडा वेळ थांबा. त्याच्या नात्यातल्या दोघांना तुम्ही यॉर्कमध्ये भेटून आला आहात.